सत्तर ग्रॅमचं बटण

मानवी संस्कृती उभी आहे ती एका किलोला सगळ्यांनी एक किलो मानण्यावर. राज्यं येतात नि जातात, मतं बदलतात, मित्र दुरावतात. पण वजन खरं असेल तर माणूस त्याच दुकानात दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. हे विचार निरीक्षकांनी आपल्या निवृत्तीच्या समारंभात मांडले तेव्हा सभागृहात बावीस माणसं होती आणि त्यांतली सतरा चहाच्या टेबलाकडे तोंड करून उभी होती. सतरा हा आकडा अंदाजे नाही. निरीक्षकांनी तो भाषण करता करता मोजला होता.

निरीक्षक म्हणजे वजनमापे निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू, काटे, लिटरची मापं आणि कापडाचे गज तपासले. खात्याचा एक नियम होता: जो तपासेल त्याने दुरुस्त करायचं नाही. काटा दोन ग्रॅम हलका दाखवतोय, बाजूला त्याचा स्क्रू दिसतोय, अर्धा वळसा दिला की काम भागतंय, तरी निरीक्षकाने हात मागे घेऊन 'नापास' लिहायचं आणि दुकानदाराला परवानेवाल्या कारागिराकडे पाठवायचं. नियम शहाणपणाचा होता. पण चौतीस वर्षं स्क्रूकडे नुसतं बघत राहिलेल्या माणसाच्या हातांचं पुढे काय होतं, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी निरीक्षकांनी घरातली इस्त्री उघडली.

त्यानंतर दारावरची घंटा उघडली. मग स्वयंपाकघरातलं टायमर, मग एक छत्री. प्रत्येक वेळी दोष अगदी नेमका सापडला. तो त्यांनी चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिला, चिठ्ठी सुतळीने त्या वस्तूला बांधली, आणि ती वस्तू कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेली. तिथून आजवर एकही खाली आलेली नव्हती. त्या फळीला त्यांची बायको 'कोठडी' म्हणायची.

तर अशा घरात एका शुक्रवारी संध्याकाळी बायकोने लॅपटॉप मांडीवरून खाली उतरवला आणि एवढंच म्हणाली, "गेलं."

"काय गेलं?" निरीक्षक खुर्चीतून निम्मे उठलेच.

"डावं बटण. दाबलं तरी दाबत नाही."

"दाबलं तरी दाबत नाही म्हणजे काय? एक तर दाबतं, नाहीतर दाबत नाही."

"मी सांगतेय. देत नाहीये," बायको म्हणाली आणि तिने लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला.

बायको भरतकामाचे तक्ते करायची. म्हणजे एखादं चित्र बारीक बारीक चौकोनांत पाडायचं आणि कुठल्या चौकोनात कुठल्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालायचा, ते एकेक चौकोन भरून दाखवायचं. एक दोऱ्याची कंपनी हे तक्ते छापायची. सध्या तळ्याकाठी उभा असलेला एक बगळा चालू होता. तो सोमवारी सकाळी नऊच्या आत पोचायला हवा होता, आणि त्याचे चारशे चौकोन अजून कोरे होते. बहुतेक सगळे पाण्यातले.

एवढ्यात दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीचा, छोटीचा, फोन आला. तो स्पीकरवर टाकला गेला.

"आई, नवीन घे ना आता. सात वर्षं झाली त्याला. मी पाठवते."

"नव्यांना बटणंच नसतात गं. खाली नुसती सपाट पाटी. कुठे दाबलं ते बोटाला कळतसुद्धा नाही."

"मग टचपॅडच्या पट्टीवर टिचकी मार की बोटाने."

"टिचकी मारली की बाण शेजारच्या चौकोनात उडी मारतो. आत्ताच बगळ्याला तिसरा पाय फुटला होता."

"मग तो मी पाठवलेला माउस जोड!"

बायकोने फक्त मान वर करून कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहिलं.

"बाबा!" मुलगी ओरडली. तिला फळी दिसत नव्हती, पण शांतता ओळखीची होती.

"त्याचं चाक घसरत होतं," निरीक्षक म्हणाले. "नोंद आहे."

फोन संपल्यावर निरीक्षकांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि बटण आपण घरीच दुरुस्त करणार असल्याचं जाहीर केलं. बायकोने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. सदतीस वर्षांच्या संसारात माणसाला एवढं कळायला लागतं की काही गोष्टी नाही म्हणून थांबत नाहीत. त्यांना फक्त मुदत घालता येते.

"रविवार संध्याकाळ, पाच," ती म्हणाली. "पाचच्या ठोक्याला बटण चाललं नाही, तर सोमवारी लॅपटॉप दुकानात. कोठडी सगळी भंगारात. आणि तुमची ती स्क्रूड्रायव्हरांची पेटी घड्याळजींना भेट."

"पेटी?"

"पेटी."

"आणि चाललं तर?"

तिने थोडा विचार केला. "तर इस्त्री पुन्हा उघडा. मी एक शब्द बोलणार नाही."

हा सौदा निरीक्षकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा होता, असं म्हटलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल. पण चौतीस वर्षांत हजारो वस्तूंना त्यांनी नापास केलं होतं आणि हजारोंना पास, आणि त्यांतली एकही त्यांच्या हाताने सुधारलेली नव्हती. आपल्या हाताने सरळ केलेल्या एका वस्तूवर 'पास' लिहावं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. एकच वस्तू. दुसरी मागितली नसती. निदान लगेच तरी नसती.

"मात्र उद्या सकाळपर्यंत लॅपटॉप माझ्याकडे," बायको म्हणाली. "टिचक्या मारून होईल तेवढं पाणी भरून घेते."

शनिवारी सकाळी निरीक्षकांनी आधी तयारी केली. बर्फाचा ट्रे रिकामा केला, पुसला, आणि त्याच्या बारा खणांवर एक ते बारा आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रत्येक खणात एक स्क्रू, म्हणजे गोंधळ नको.

"बर्फ कुठे ठेवलात?" बायकोने विचारलं.

"पातेल्यात."

"पातेल्यात पाणी आहे."

"तेच ते."

मग ते कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे गेले. घड्याळजी घड्याळं दुरुस्त करायचे. चार पावलं लांब आणि दोन पावलं रुंद दुकान, काचेमागे बसलेले, एका डोळ्याला भिंग. निरीक्षक आत आले तसे घड्याळजींनी भिंग न काढताच स्वागत केलं, त्यामुळे त्यांना पाहुण्याचं फक्त नाक दिसलं असणार.

"या साहेब. आज काय नापास करायला आलात?"

"बारीक स्क्रूड्रायव्हर हवाय. आणि एक भिंग."

"वहिनींना माहितीये?"

"मुदत दिलीये त्यांनी."

"मग ठीक." घड्याळजींनी खण उघडला. "माझ्या मेहुण्याला मात्र तुम्ही मुदत दिली नव्हती. तीन ग्रॅमसाठी काटा बंद केलात."

"चार. आणि त्याला एकवीस वर्षं झाली."

"तो अजून आठवण काढतो तुमची. जेवताना."

लॅपटॉपचं बटण म्हटल्यावर मात्र घड्याळजींनी भिंग काढलं. लॅपटॉप हा आपला विषय नाही, पण बटण म्हणजे बटण, असं ते म्हणाले. त्याच्या आत पत्र्याची एक बारीकशी वाटी पालथी घातलेली असते. दाबली की आत जाते, टक् आवाज होतो, सोडली की वर येते. लाखो वेळा दाबली की थकते, आणि मग आत गेली ती गेली.

"किती लाख?" निरीक्षकांनी विचारलं. मोघम आकडा त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

"ते वहिनींना विचारा. कोण दाबतंय त्यावर आहे."

निरीक्षकांनी तिथल्याच एका पावतीच्या मागे हिशोब मांडला. लॅपटॉपवर आजवर साठ तक्ते झाले. एका तक्त्यात सरासरी अकरा हजार टाके. साठ गुणिले अकरा हजार. सहा लाख साठ हजार.

ते आकड्याकडे बघत राहिले. पुन्हा गुणाकार केला. तेवढेच आले. सात वर्षं रोज संध्याकाळी ती खिडकीपाशी आणि ते समोरच्या खुर्चीत. चहाच्या टेबलाकडे वळलेल्या माणसांची मोजदाद करणाऱ्या माणसाने सहा लाख साठ हजार टक् ऐकले होते, आणि त्यांतला एकही त्याच्या कानात शिरला नव्हता.

"काय झालं साहेब? चुकला हिशोब?"

"नाही," निरीक्षक म्हणाले. "बरोबर आला."

"मग नवी वाटी मागवायची म्हणजे आठ दिवस. सुटे भाग विकणारा मंगळवारशिवाय दुकान उघडत नाही." घड्याळजींनी हनुवटी खाजवली. "पण बटणं दोन असतात ना? उजवं वहिनी किती वापरतात?"

"उजवं? काही लागतच नाही तिला उजवं."

"मग उजवीकडे नवी कोरी वाटी पडून आहे की तुमच्या घरात. तीच काढायची आणि डावीकडे बसवायची. थकलेली उजवीकडे जाऊ दे, तिथे तिला कोण विचारतंय."

निरीक्षक घरी परतायला साडेअकरा झाले. दुकानातून पंधरा मिनिटांत बाहेर पडता आलं असतं. पण घड्याळजींच्या मेहुण्याचा विषय पुन्हा निघाला, आणि त्यात त्या काट्याच्या दोषाचं चित्र काढून दाखवावं लागलं. घरात शिरले तेव्हा बायको खिडकीपाशी उभी राहून गुणगुणत होती. लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवलेला होता. शेजारी बर्फाचा ट्रे होता, आणि बायकोने त्याच्यातल्या एकाही चिठ्ठीला हात लावलेला नव्हता.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या ताब्यात."

घासाघीस नाही, ताकीद नाही. निरीक्षकांना जरा भरूनच आलं. सदतीस वर्षांनी का होईना, विश्वास बसला.

"आणि बगळा?"

"त्याचं मी बघते. तुम्ही तुमचं बघा."

दुपारी जेवणं झाल्यावर तपासणीला सुरुवात झाली. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी निरीक्षकांना पितळी वजनांची एक लाकडी पेटी दिली होती. वजनं दोन मिलिग्रॅमने कमी भरून खात्यातून बाद झालेली होती, त्यामुळे ती देताना कुणाला वाईट वाटलं नव्हतं. लॅपटॉप बंद करून, सपाट उघडून, निरीक्षकांनी चिमट्याने एकेक वजन उचललं. हाताने उचलायचं नसतं. बोटांचा घाम वजनात भर घालतो. उजव्या बटणावर दहा, वीस, पन्नास. सत्तरला बटण म्हणालं: टक्. मग डाव्यावर. सत्तर: काही नाही. शंभर: काही नाही. दोनशे: काही नाही. पाचशेचं वजन ठेवल्यावर चिखलात चप्पल रुतावी तसा एक आवाज आला.

"डावे बटण, नापास," निरीक्षकांनी वहीत लिहिलं. "साक्षीदाराची सही."

"हे मी काल फुकट सांगितलं होतं," बायको म्हणाली, आणि तिने सही केली.

अकरा स्क्रू निघाले, अकरा खणांत पडले. बारावा खण रिकामा राहिल्याने निरीक्षक थोडे अस्वस्थ झाले. मग ओठ चावत, नखाने कडा उचलत, त्यांनी हात टेकायची वरची पट्टी सोडवली. बटणांच्या खाली बोटाच्या पेराएवढी एक हिरवी पाटी होती आणि तिच्यावर दोन टोकांना दोन काळे ठिपके. हीच ती दोन बटणं. आणि त्यांच्या भोवती, सात वर्षांत वरून पडत राहिलेले, दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे. दोऱ्याचा रंग पडद्यावरच्या रंगाशी जुळतो का, ते बायको लॅपटॉपवरच दोरा धरून बघायची आणि तिथेच कापायची.

निरीक्षकांना क्षणभर वाटलं की दोष सापडला. त्यांनी सगळे तुकडे चिमट्याने काढले, ब्रशने पाटी झाडली, वजनं पुन्हा ठेवली. चिखल तसाच.

तुकडे मात्र टाकायचे नव्हते. त्यांनी ते पांढऱ्या कागदावर मांडले आणि भिंगातून बघू लागले. बायको खांद्यावरून वाकली.

"अय्या, हा राखाडी हत्तीचा."

"कशावरून?"

"राखाडीत निळा मिसळलाय. हत्तीसाठीच मागवला होता. आणि हा तांबडा त्या दीपस्तंभाचा. छोटीचं लग्न ठरलं तेव्हा चालू होता तो." ती एकेक तुकडा टोकाने सरकवत गेली. "हा पिवळा... हा तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळचा. बाहेर बाकावर बसून केलं होतं मी. सूर्यफुलं. पाच सूर्यफुलं झाली तोवर तुम्हाला बाहेर आणलं."

"मला वाटलं तू तिथे वाचत बसली होतीस."

"अक्षरं दिसत नव्हती," ती सहज म्हणाली आणि पुढच्या तुकड्याकडे वळली.

निरीक्षकांनी तुकडे पाकिटात भरले आणि सवयीने वर लिहिलं: जप्त. बायकोने पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि पाकीट आपल्या दोऱ्यांच्या डब्यात ठेवून दिलं.

रविवारी दुपारी तीनला घड्याळजी सोल्डरगन घेऊन आले. ती एकटी कुणाच्या घरी पाठवत नाही, असं ते म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की काय होतंय ते बघायलाच ते आले होते, आणि शुक्रवारी कळलं असतं तर शुक्रवारीच आले असते. त्यांनी काम स्वतः करायची तयारी दाखवली. निरीक्षकांनी नम्रपणे नकार दिला. शिसं वितळवून वजनाच्या पोटात ओततात, ते त्यांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं. अर्थात हात मागे बांधून.

हिरवी पाटी धरायची कुणी, हा प्रश्न आला. घड्याळजींनी हात पुढे केला, पण बायको आधीच भरतकामाचा लांब चिमटा घेऊन बसली होती. तिने पाटी चिमट्यात धरली. मग पुढची चाळीस मिनिटं तो चिमटा केसभरही हलला नाही.

निरीक्षकांचा हात मात्र हलत होता. पहिला डाग मटाराएवढा पडला.

"साहेब," घड्याळजी म्हणाले, "शिशाची काटकसर करू नका म्हणालो होतो. दानधर्म करा असं नव्हतो म्हणालो."

"गप्प बसा हो भाऊ," बायको म्हणाली. "श्वास धरा," हे नवऱ्याला. "सुई ओवताना धरतात तसा. सोडू नका. आता टेकवा. हं. आता सोडा."

दुसरा डाग वाटाण्याच्या निम्मा. तिसरा मोहरीएवढा. दोन्ही ठिपके निघाले, जागा बदलून बसले. प्रत्येक ठिपक्याला पाटीत रुतलेले चार, असे आठ पाय होते; शेवटच्या पायापर्यंत निरीक्षक श्वास धरायला आणि सोडायला शिकले होते. पट्टी बसली, अकरा स्क्रू अकरा जागी गेले. उरलेला स्क्रू शोधायला घड्याळजींनी टेबलाखाली पाहिलं, कारण त्यांच्या अनुभवात एक उरतोच. उरला नव्हता. निरीक्षकांनी ट्रे उलटा करून दाखवला.

वजनांची पेटी उघडली. डाव्या बटणावर दहा, वीस, पन्नास, सत्तर.

टक्.

घड्याळजींनी टाळी वाजवली. बायको चहा टाकायला आत गेली. चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. निरीक्षकांनी लॅपटॉप सुरू केला, बगळ्याच्या फायलीवर बाण नेला आणि नव्या कोऱ्या डाव्या बटणावर, वजन न ठेवता, स्वतःचं बोट ठेवलं.

फाईल उघडली नाही. फायलीच्या बाजूला एक लांबलचक यादी उघडली: कापा, चिकटवा, नाव बदला, काढून टाका. ही यादी उजव्या बटणाने उघडते हे निरीक्षकांना ठाऊक होतं. त्यांनी यादी घालवून पुन्हा दाबलं. पुन्हा यादी. उजवं दाबून पाहिलं. चिखल.

चार पंचेचाळीस.

"तारा उलट्या झाल्या," घड्याळजी म्हणाले.

"तारांना हात लावलेलाच नाही." निरीक्षकांचा आवाज खाली गेला होता. मग एक भयंकर शंका त्यांच्या मनात आली. "घड्याळजी, ते बटण सात वर्षं उजवीकडे होतं."

"हो. मग?"

"म्हणजे ते अजून उजवंच आहे."

घड्याळजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, ती पत्र्याची वाटी आहे. तिला कुठे बसलोय ते कळत नाही."

"वजनाची बदली एका तालुक्यातून दुसऱ्यात झाली तरी शिक्का जुन्याच तालुक्याचा राहतो."

"अहो, शिक्का तुम्ही मारता! याच्यावर कुणी मारलाय?"

"तेच तर शोधायचंय," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी पहिला स्क्रू पुन्हा सैल करायला घेतला. अकरा स्क्रू, आठ पाय, पंधरा मिनिटं. जमणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पेटीतल्या स्क्रूड्रायव्हरांकडे त्यांनी एकदा, निरोप घ्यावा तसं, पाहिलं.

बायको चहाचा ट्रे घेऊन आली. तिने पडद्यावरची यादी पाहिली. मग नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग ट्रे इतक्या घाईने टेबलावर ठेवला की तीनही कप बशीत सांडले.

"द्या इकडे."

"अगं, उजवेपणा गेलेला नाही त्याचा..."

"द्या म्हणते ना."

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. कळफलकावरच्या चार-दोन कळा दाबल्या, एक चौकट उघडली, तिच्यातली एक खूण काढली, चौकट मिटली. निरीक्षकांनी सवयीने मोजलं होतं: नऊ सेकंद. तिने लॅपटॉप परत त्यांच्यासमोर ठेवला.

"आता दाबा."

टक्. फाईल उघडली.

चार त्रेपन्न झाले होते.

"काय केलंस?" निरीक्षकांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय? एक तर केलंस, नाहीतर नाही केलंस."

बायकोने कप पुसायला घेतला. पुसून झालेला होता तरी पुसत राहिली. "छोटीने काल पुन्हा फोन केला तेव्हा सांगितलं. यात एक सोय असते म्हणे. उजव्या बटणाला डाव्याचं काम करायला सांगता येतं. डावखुऱ्यांसाठी. काल तुम्ही यांच्या दुकानात होतात ना, तेव्हा मी ती खूण केली. आणि काढायची विसरले."

निरीक्षकांनी हे सगळं मनात लावून पाहिलं. तिने उजव्याला डावं केलं. मग त्यांनी उजव्याचं उचलून डावीकडे बसवलं. दोन दुरुस्त्या, दोन्ही निर्दोष, आणि मिळून बेरीज शून्य. तपासणीत असं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दोष शोधायला जावं आणि दोन माणसं बरोबर निघावीत!

"म्हणजे मी काल परत आलो तेव्हा बटण चालत होतं?"

"उजवं चालत होतं. डावं म्हणून."

"मग तू मला हे उघडू का दिलंस?"

बायकोने टेबलावरच्या बर्फाच्या ट्रेकडे पाहिलं. एक ते बारा, प्रत्येक आकडा सारख्या उंचीचा.

"चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या तुमच्या," ती म्हणाली.

घड्याळजींना अचानक खिडकीबाहेरच्या झाडात फार रस वाटू लागला.

निरीक्षकांनी वही ओढली. आधी रागवावं की काय असा त्यांचा विचार होता, पण बोट पुन्हा बटणावर गेलं होतं, आणि टक् खरा होता. मऊ, कोरडा, सत्तर ग्रॅमचा. तो त्यांनीच बसवला होता. त्यांनी आणखी एकदा दाबलं. मग आणखी एकदा.

"पुरे, थकेल ते," बायको म्हणाली.

"सहा लाख साठ हजारांपर्यंत थकत नाही," निरीक्षक म्हणाले. "मोजलेत मी."

"कधी?"

"काल. उशीरच झाला जरा."

चहात तिने त्यांना डॉक्टरांनी बंद केलेली साखर अर्धा चमचा घातली.

मग चिठ्ठी लिहायची वेळ आली. इथे एक अडचण होती. उजवं बटण आता नापास होतं, आणि खात्यात अर्धवट पास नावाचा प्रकार नव्हता.

"उजवं मला लागतच नाही," बायको म्हणाली.

"नियमात बसत नाही."

"निवृत्त झालात ना?"

निरीक्षकांनी पेन उचललं. 'डावे बटण' लिहिलं, स्वल्पविराम दिला, आणि त्यापुढे, चौतीस वर्षांच्या तपासणीनंतर आणि दोन दिवसांच्या दुरुस्तीनंतर, आपल्या हाताने दुरुस्त केलेल्या वस्तूसाठी 'पास' हा शब्द लिहिला. वेळ घातली: चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे. साक्षीदार म्हणून घड्याळजींनी सही केली आणि मेहुण्याला हे सांगणार म्हणून धमकी दिली. सुतळीने चिठ्ठी लॅपटॉपच्या कोपऱ्याला बांधली. बायकोने ती सोडली नाही. उलट गाठ जरा घट्ट केली.

स्क्रूड्रायव्हरांची पेटी मिटली, तिच्या जागी गेली. निरीक्षकांनी वर कोठडीकडे पाहिलं. इस्त्री तिथे चिठ्ठी लटकावून वाट बघत होती. उद्या. आज अजून एक काम बाकी होतं.

"चल, बस," ते बायकोला म्हणाले आणि खिडकीपाशी तिची खुर्ची सरकवली. दिवा जवळ आणला. लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "चारशे चौकोन म्हणजे काही कमी नाहीत. मी समोर बसतो. ऐकतो."

बायको बसली. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग एक जुनाच तक्ता उघडला, आणि त्यातला एक चौकोन पुसून पुन्हा भरायला घेतला.

बगळा शनिवारी सकाळी पावणेअकरालाच कंपनीकडे गेला होता.